वरून ओतलेलं पाणी

माझा राग फार वाईट. आई म्हणायची, हा नाकावर माशी बसू देत नाही. बाप्तिस्मा घेतला तेव्हा वाटलं, चला, रागही धुऊन निघाला. कसला निघतोय! उलट त्याला शास्त्राचा आधार मिळाला. आधी नुसता चिडायचो, आता प्रभूच्या नावानं चिडायला लागलो.

मी मूळचा वारूळवाडीचा, माळ्याचा. जुन्नरला मिशनच्या शाळेत शिकलो, तिथंच ख्रिस्ती झालो, आणि आंबेगावच्या बाजूला घोड नदीकाठच्या एका गावात मास्तर म्हणून गेलो. शाळा गावकुसाबाहेरच्या वस्तीत. तिथली पाच-सात घरं ख्रिस्ती झालेली, म्हणून आमचं बिऱ्हाडही तिथंच.

गावात विहीर एक. वस्तीतल्या माणसानं तिच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही. बायका घागरी घेऊन खाली बसून राहायच्या. पाणी भरायला आलेल्या एखाद्या कुणबिणीला दया आली, तर ती वरून यांच्या घागरीत पाणी ओतायची. हात उंच धरून, घागरीला घागर लागू नये म्हणून. माझी बायकोही त्यांच्यातच ताटकळायची. दोन वर्षं मी हे रोज पाहिलं. लाज वाटते सांगायला, पण त्या दोन वर्षांत मला एकदाही राग आला नाही.

वैशाखात बायको तापानं पडली आणि घागर माझ्या हातात आली. ओट्याखाली आमच्याच मंडळीतली एक म्हातारी आधीपासून बसलेली. घरी तिची सून चार दिवसांची बाळंतीण.

"मास्तर, हितं सावलीला बसा. येईल कुनीतरी," ती म्हणाली.

बसलो. ऊन पार डोक्यावर आलं. शेवटी एक बाई आली, आणि पुरुषमाणूस बघून तिनं आधी माझ्या घागरीत पाणी ओतलं. त्यातलं निम्मं माझ्या कोटावर. वर मलाच म्हणते, "मागं सरा की वो, शिवाल!"

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. "मागं सरा? मला सांगतेस? अगं, मी वारूळवाडीच्या माळ्याचा मुलगा आहे! मी काय ह्यांच्यातला वाटलो तुला?" असं ओरडत ओट्यावर चढलो आणि माझी घागर स्वतः विहिरीत सोडली. म्हातारी खाली मान घालून बसली होती.

किरिस्तावानं विहीर बाटवली म्हणून गावभर बोंब झाली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वस्तीला पाणी ओतणं बंद. म्हातारी नदीच्या कोरड्या वाळूत खड्डा खणून वाटीवाटीनं गढूळ पाणी भरायची. ते पिऊन सून तापली. आणि मी काय करावं? रविवारी उपदेश केला, प्रभूनं देवळात गरिबांना लुबाडणाऱ्या व्यापाऱ्यांवर चाबूक उचलला त्यावर! चांगला छाती फुगवून केला.

उपासना झाल्यावर म्हातारी जवळ आली. "मास्तर, एक इचारू? त्या देवळात प्रभूला कुनी मागं सर म्हनलं व्हतं का?"

"नाही."

"मंग त्यो दुसऱ्यांसाठीच चिडला म्हना की."

एवढं बोलून गेली. मला तिचाही राग आला. अडाणी बाई, मला शास्त्र शिकवते!

पण सुनेचा ताप उतरेना. शेवटी दातओठ खात पाटलाकडे गेलो. चूक त्यांची आणि हात मी जोडायचे, असं रस्ताभर पुटपुटत होतो. पाटलानं मला बोलूच दिलं नाही.

"आमी वारूळवाडीला चौकशी केली, मास्तर. तुमी माळ्याचंच हाय. मंग आदीच न्हाई का सांगायचं? धरम कुठला का आसंना, तुमी आपलं वर येऊन भरत जावा. त्यांलाबी पयल्यासारखं वततील बाया."

आणि मी, देवा क्षमा कर, त्याचे आभार मानले. मानून बाहेर पडलो. वेशीपाशी आल्यावर डोक्यात उजेड पडला. रागाच्या भरात मी जे मागितलं होतं, नेमकं तेवढंच पदरात पडलं होतं. वस्तीसाठी मी कधी काही मागितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चढलो. खाली म्हातारी बसलेली, सून अजून तापातच. म्हटलं, आता हिला कुणाची वाट बघायला लावायची नाही. पाणी शेंदलं आणि तिच्यासाठी घागर कलती केली. तिनं सवयीनं अंग मागं घेतलं.

"आजी, मागं कशाला सरतेस? मीच आहे ना!" मी मोठ्या मायेनं म्हणालो.

ती वर बघत राहिली. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे. तेव्हा मीही बघितलं. माझा हात चांगला उंच होता, तिच्या घागरीला माझी घागर लागू नये इतका, आणि निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं.