आधी काट्याकडे

कुंदा मॅडम घरात शिरल्या की आधी काट्याकडे बघायच्या, मग नवऱ्याकडे. आता त्या नाहीत, पण आठवतात त्या अशाच, दारात मान वळवलेल्या.

कर्जतच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी भौतिक. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचे यजमान अण्णा खाटेवर होते. उशाशी स्टुलावर मोरचुदाच्या पाण्याचे दोन ग्लास, एक गडद निळा, एक अगदी फिका. दोन्हींत तांब्याच्या पट्ट्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद, आणि तारांनी जोडलेला, लॅबमधून मोडीत निघालेला गॅल्व्हानोमीटर, करंट दाखवणारा काटा असलेला.

प्रयोग वर्गातलाच. "दोन पाण्यांत फरक आहे तोवर करंट," त्या मुलांना सांगायच्या. "फरक घटतो तसा काटा मागे येतो. सारखं झालं की संपलं." घरी मात्र रोज फिका ग्लास नव्याने भरायच्या, गडद ग्लासात चिमूटभर मोरचूद टाकायच्या. मी चेष्टेनं म्हटलं, "अण्णांना चार्जिंगला लावलंय की काय?"

त्या हसल्या नाहीत. "शून्यावर नाय येऊ द्यायचा, सर." वर्गात शुद्ध बोलणारी बाई घरात कडाव गावची व्हायची.

मग कडावहून नणंदबाई राहायला आल्या. स्वच्छतेचं भारी वेड. एक ग्लास फिका बरा दिसेना, म्हणून त्यांनी दोन्ही एका भांड्यात ओतले आणि पुन्हा सारखे भरून ठेवले. संध्याकाळी मी मॅडमबरोबरच आत गेलो. काटा शून्यावर होता. अण्णा जागे होते. म्हणाले, "आलीस का गं? चहा टाक."

मॅडम दारातच थांबल्या. "हे कोण?" खाटेकडे बघत त्यांनी मला हळूच विचारलं.

"वैनी, मीच सारखं केलं गं," नणंद रडायला लागली. मॅडमना ते कळलं. चूक कुठे झाली, तेही त्यांनीच तिला समजावलं. पण त्या दिवसापासून त्या अण्णांना 'पाहुणे' म्हणू लागल्या. औषधं, भरवणं, अंग पुसणं, सगळं पूर्वीसारखंच चालायचं, फक्त परक्या माणसासमोर असावं तशा अवघडून.

"सर, तो काटा हलवा," अण्णांनी एकदा माझा हात धरला. मी एका ग्लासात पाणी वाढवलं, काटा सरकला. हुश्श केलं. मॅडम आल्या, काट्यावर वाकल्या. "हलतोय की," म्हणाल्या. "पण हा ह्या पाहुण्यांचा. आमचे गेले ते गेलेच."

मग चहा करून आणला, बशी त्यांच्या ओठांशी धरली आणि सहज विचारलं, "घरी कोण हाय तुमच्या?"

"बायको हाय," अण्णा म्हणाले. "कॉलेजात शिकवते."

"मग येईल हो आता," मॅडम म्हणाल्या.