बारवेत ‘बा’ कोण म्हणालं?

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि हसून सोडून दिले. जुन्या वास्तूंची दुरुस्ती हे माझं कामच आहे. पडके बुरूज, ओसाड तळघरं सगळं पालथं घातलं. तिथं मला वटवाघळं, रिकाम्या बाटल्या आणि भिंतीवर कोरलेली प्रेमवीरांची नावं एवढंच भेटलं. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

नळदुर्गहून अक्कलकोटकडं जाताना एक गाव लागतं. नाव देत नाही, उद्या तिथं रील काढायला झुंबड उडेल. गावात दगडी बारव आहे. तिच्या तळाशी, पाण्यालगत असलेल्या ओवरीची कमान फुगली होती. गावातल्या शहाण्यांचं म्हणणं एकच — पाडा आणि स्लॅब टाका. मी भांडभांड भांडून चुन्यातली दुरुस्ती मंजूर करून घेतली आणि येडशीहून मारुतीकाकांना आणलं. चुन्यात हात बसलेला दुसरा गवंडी मला मिळालाच नव्हता. ते निघून गेले असते तर स्लॅब ठरलेला होता.

काका कमानीखाली बसून दगडांचे सांधे साफ करायचे. त्यांची मुलगी रेखा वर चुना चाळायची. ती त्यांना ‘बा’ म्हणते.

त्या दुपारी रेखा पाणी आणायला गावात गेली होती. मी मधल्या पायऱ्यांवर मापं घेत होते. तेवढ्यात बाईचा आवाज आला — “बा... बा.” जेवायला बोलावतात तसा, अगदी साधा. काकांनी थापी ठेवली आणि “आलो गं” म्हणत माझ्या शेजारून वर निघाले. थोड्याच पायऱ्या चढले असतील, तोच मागं कमानीचा दगड निखळला आणि आतल्या छताचे चिरे घेऊन धाडकन खाली आला.

टेकू मी स्वतः तपासले होते.

वर रेखा नव्हतीच. हाक मारून ती पाण्याला गेली असेल, असं काकांना वाटलं. “पोरीनं हाक मारली म्हणून वाचलो की ताई,” काका म्हणाले. मी मान हलवली, पण रेखा तर आधीच गेली होती, आणि आणखी एक गोष्ट खटकत होती. रेखाची हाक वरून आली असती. ही खालून आली होती... ओवरीच्या आतून.

बारवेसमोर गौराक्कांचं घर आहे, त्यांच्याकडं कानडी बोलतात. संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“बा म्हंजी ‘ये’ की बाई, आमच्या कानडीत.”

“म्हणजे काकांना कुणी ‘ये’ म्हणालं?”

“पर मोठ्या माणसाला ‘बा’ न्हाय म्हणत. ‘बर्री’ म्हणतेत. ‘बा’ लेकराला म्हणायचं.”

काका साठीच्या पुढचे. त्यांना लेकरासारखं आत कुणी बोलावलं? कानडीचा गंध नाही म्हणून त्यांनी ‘बाप’ ऐकलं, आणि ते उलट्या दिशेला चालू लागले.

सांगितलं तर ते गाव सोडणार, कमान जाणार. पण न सांगता माणसाला परत त्या कमानीखाली बसवायचं? मला ते जमलं नसतं. लगेच जाऊन सांगितलं. रेखा रडायलाच लागली, “बा, चला घरी.” काका तंबाखू मळता मळता म्हणाले,

“म्या बाप हाय, म्हणून भाईर आलो. आत जी कोण हाय तिला काय म्हणायचं व्हतं ते तिचं तिला ठावं. पर अर्धी कमान सोडून कुठं जाऊ? रेखे, काम सरेपर्यंत मला पप्पा म्हण. ‘बा’ ऐकू आलं तर म्या वळूनसुदिक बघणार न्हाय.”

एवढ्या भीतीतही ती फिसकन हसली.

कमान पूर्ण झाली, आज भक्कम उभी आहे. हाक पुन्हा आली नाही. बारवेत आवाज घुमतो, सुटणारा दगड आधी कुरकुरतो, हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण दगड कानडी बोलत नाही, आणि ती हाक काकांना न्यायला आली होती की वाचवायला, ते मला आजही कळलेलं नाही.

शेवटच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं. आपल्याकडं निरोप घेताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. काकाही गौराक्कांना “येतो” म्हणाले, मला “येतो” म्हणाले. मग बारवेच्या तोंडाशी गेले, चपला काढल्या, हात जोडले आणि खाली बघत स्पष्ट म्हणाले,

“जातो.”