दातेरी चाकाला लागलेलं कुंकू

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पाण्याचं इंजिन खोललं. नांगर, वखर, विळे धुऊन पूजेला मांडायचे, तर इंजिनानंच काय घोडं मारलं? चांद्याहून जुनं आणलेलं, गाठोड्याएवढं, रॉकेलवर चालणारं यंत्र. आत दोन दातेरी चाकं: लहान चाक पिस्टनच्या चालीशी बांधलेलं, मोठं हवेची आणि धुराची दारं, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडझाप करणाऱ्या कॅमच्या दांड्यावर. दोघांनी नेमक्या ठरल्या दातांवर भेटायचं. तिथली कारखान्याची खूण केव्हाच झिजली होती, म्हणून चाकं सुटी करण्याआधी मी तेलात कुंकू कालवून त्या दातांना ठिपके दिले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

नवमीला बायकोनं त्या चाकांना कुंकू लावलं, मग वहिनीनं, मग शेजारपाजारच्या बायकांनी. एकही दात सुटला नाही. शेवटी मीसुद्धा भक्तिभावानं एक बोट टेकवलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: माझे खुणेचे ठिपके त्या कुंकवात हरवले होते.

धान लोंबीवर आलं होतं. पाऊस निघून गेलेला, बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलाला भेगा पडू लागलेल्या. बोडीतलं, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यातलं, खाली गेलेलं पाणी बांधावरून बांधीत टाकायला एवढंच यंत्र होतं. आता पाणी चुकलं तर लोंबीत दाणा भरणार नव्हता, नुसती पोचट टरफलं हाती येणार होती.

देवाचं नाव घेऊन अंदाजानं चाकं जुळवली, इंजिन बोडीच्या पाळीवर नेलं आणि दोरी ओढली. 'फट्ट' करून त्यानं हवा घ्यायच्या तोंडातूनच धूर ओकला. खालच्या आपल्या बांधीतून थोरला भाऊ ओरडला, "काऊन रे, परसादात काय चारलं त्याले?"

मी इंजिन विकणाऱ्या मिस्त्रीनं सांगितलेलं आठवत होतो. "पिस्टन माथ्यावर, अन् दोन्ही वाल हलते पाहिजे," असं काहीसं तो बोलला होता, आणि मी सगळं कळल्यासारखी मान हलवली होती.

बायको जेवणाची शिदोरी घेऊन आली. "अवं, जरा बोटं ठेव इथी," मी म्हटलं. इंजिनाची बाजूची झाकणं काढून दोन्ही व्हॉल्व्हच्या खुंट्यांवर तिची बोटं ठेवली. प्लगच्या भोकातून खराट्याची काडी आत सोडली. चाक फिरवलं तशी काडी चढत गेली, माथ्यावर थबकली. पिस्टन वर आला. आता मोठं चाक जरासं बाहेर ओढून मी ते एकटंच हळूहळू फिरवू लागलो.

"धूर टाकते ते कोणतं जी?" तिनं विचारलं.

"डावं."

"डावं चढलं. आता उतरून राह्यलं... उतरून राह्यलं... थांबा! थांबा ना जी! डावं पुरतं बसलं नाई, अन् उजवं उठाले लागलं!"

मी वाकून पाहिलं. धुराचं दार मिटत आलेलं, हवेचं नुकतं किलकिलं झालेलं, मध्ये काडी निश्चल. जुना श्वास सोडून नवा घ्यायच्या आधी छातीत जे क्षणभर थांबतं, ते लोखंडात कुणीतरी आणून ठेवलं होतं. ज्यानं हे पहिल्यांदा जुळवलं असेल त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. श्वास रोखूनच मी चाक आत सरकवलं.

झाकणं, प्लग, सगळं बसवून दोरी ओढली. एकदा खोकलं. दुसऱ्यांदा लागलं ते लागलंच. पाइपातून आधी चिखल, मग बेडकाचं एक पिल्लू, मग बोडीचं पाणी धो धो बांधीत पडलं. भेगा ते गटागटा पिऊ लागल्या. भाऊ कमरेवर हात ठेवून पाहत राहिला. त्याच्या तोंडून टोमणा निघाला नाही, ही आमच्या घरात मोठीच गोष्ट.

बायकोनं धडधडत्या इंजिनावर तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटका बसला नव्हता.

"जिता हाय बाप्पा हा," ती म्हणाली. "आता भाऊंच्या बांधीलेबी पाजू द्या त्याले. अन् धान कापेपर्यंत तुमी त्याच्या पोटात हात नोका घालू."