चौसष्ट ठोके

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता मी नायगावच्या मावशींच्या कुत्रीला शेवटचं इंजेक्शन देणार होते. वेळ मावशींनीच मागून घेतली होती, कारण तोवर त्यांची मुलगी डोंबिवलीहून पोचली असती. मी डायरीत 'सहा – मावशी' एवढंच लिहिलं. पुढचा शब्द लिहवेना.

लालबागला माझा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. अठ्ठावीस वर्षं मी तिथे कुत्री-मांजरं तपासते. मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा ही कुत्री त्यांच्या भाजीच्या पिशवीत मावत होती. बीडीडी चाळीच्या जिन्याखाली सापडलेलं, कान सडलेलं पिल्लू होतं ते. मावशी शाळेत शिपाई होत्या, नवरा गिरणीतून सुटल्यावर लवकरच वारलेला, मुलीचं लग्न झालेलं. पिल्लू बरं झालं आणि त्यांच्याकडेच राहिलं. सहा वर्षांत त्यांनी एकही लस चुकवली नाही.

गेल्या वर्षभरात मात्र ती तिसऱ्यांदा आडवी झाली होती. दर वेळी तेच. खाणं सोडायची, उलट्या करायची, मागचे पाय लटपटायचे. पहिल्या दोन वेळा मी सलाइन लावलं, उलटीची औषधं दिली आणि दोन दिवसांत ती शेपूट हलवत उठून बसली. केसपेपरवर मी लिहिलं, 'पोट बिघडलं. बरं.' तिसऱ्या वेळी, त्या सोमवारी, ती उचलूनच आणावी लागली. रक्त तपासलं तर किडनीचे दोन्ही आकडे चढलेले.

"मावशी, किडन्या जात चालल्यात," मी म्हटलं. "सलाइननं थोडं सावरेल, पण पुन्हा असंच होत राहणार."

मावशी बराच वेळ तिच्या कानामागे बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिका त्रास नको हां, डॉक्टरीणबाई. माझ्यासाठी तिला ओढत ठेवायची नाय. तुमका काय वाटतं?"

मला जे वाटत होतं ते मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बुधवारची वेळ ठरली. तोवर सलाइन चालू ठेवायचं आणि ती दवाखान्यातच राहायची, असं आमचं बोलणं झालं.

आता माझ्या ऑनलाइन अभ्यासाचं सांगायला हवं. माझा एक वर्गमित्र माहीमला प्रॅक्टिस करतो. परळच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. त्यानं वर्षभर माझ्यामागे टुमणं लावलं होतं. "अगं, आपण शिकलो त्यातलं अर्धं आता कोणी करत नाही. घरबसल्या व्याख्यानं ऐकता येतात, केस टाकून विचारता येतं. तू अजून त्याच जाड पुस्तकावर आहेस." ते पुस्तक मी शेवटचं कधी उघडलं हे मला आठवत नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. शेवटी त्यानंच माझ्या टॅबवर सगळं सुरू करून दिलं.

सुरुवातीचे दिवस फजितीचे होते. परदेशी उच्चार कळेनात, म्हणून मी व्याख्यान संथ करून ऐकायचे आणि मग ते गृहस्थ झोपेत बोलल्यासारखे वाटायचे. प्रत्येक धड्यानंतर वीस प्रश्न. पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. छप्पन्नाव्या वर्षी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, समोर लसणाच्या पाकळ्यांचा ढीग आणि पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा'. नवऱ्याला सांगितलं नाही. पण हळूहळू गोडी लागली. दुपारी दवाखाना बंद असतो, तेव्हा जेवण झालं की मी तासभर ऐकायचे. त्वचा झाली, डोळे झाले, दात झाले. हार्मोन्सचा धडा मात्र मी पुढे ढकलत होते. कॉलेजातही त्यानंच मला रडवलं होतं.

मंगळवारी दुपारी मी तो धडा लावला तो अभ्यासासाठी नाही. दुसऱ्या दिवशीच्या सहा वाजण्याचा विचार डोक्यातून जावा म्हणून लावला. कुठल्याशा थंड देशातली, स्वेटर घातलेली एक डॉक्टर बोलत होती. एक आजार आहे, म्हणाली, जो दुसऱ्या आजारांची सोंगं घेतो. किडनीच्या वर दोन इवल्या ग्रंथी असतात. त्यांचं काम थांबलं की शरीरातलं मिठाचं गणित बिघडतं आणि जनावराला कसलाच ताण सोसत नाही. पोट बिघडल्यासारखं दिसतं, किडनी गेल्यासारखी दिसते. सलाइन लावलं की बरं वाटतं, त्यामुळे आपण फसतो. आणि मग ती म्हणाली, "इतक्या आजारी, पाणी कमी झालेल्या कुत्र्याचं हृदय धावायला हवं. ते निवांत चालत असेल तर थांबा आणि विचार करा."

मी थांबवलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

सोमवारी मी मावशींच्या कुत्रीचे ठोके मोजले होते. चौसष्ट. जीभ कोरडी, अंग गार, उभं राहता येत नाही आणि ठोके चौसष्ट. मला तेव्हा उलट बरं वाटलं होतं, की चला, हृदय तरी ठीक आहे.

चपला कशा घातल्या ते आठवत नाही. टॅक्सी करून दवाखान्यात गेले. कपाटातून जुने केसपेपर काढले. पहिल्या वेळी ठोके सत्तर. दुसऱ्या वेळी अडुसष्ट. माझंच अक्षर, माझीच सही. कुत्री पिंजऱ्यात डोळे उघडे ठेवून पडली होती.

मावशींना फोन लावला.

"मावशी, एक आठवून सांगा. ती पहिल्यांदा आजारी पडली त्याच्या आधी घरात काय झालं होतं?"

"काय होणार? चाळ पाडायची म्हणून खाली करून आम्ही ट्रान्झिटच्या तात्पुरत्या खोलीत गेलो. सामान हलवलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"गणपतीत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. ढोलांनी कॉटखालून बाहेर येईना ती."

"आणि आता?"

"आता काय नाय... थांबा हां. शनिवारी पाव्हणे होते. जावयाची सगळी मंडळी. तिका बाथरूममध्ये बांधून ठेवलेलं दिवसभर." मग त्यांचा आवाज बदलला. "कशाक विचारतास?"

"अजून नक्की नाही. उद्या सहाला दोघी या, पण इंजेक्शनचं आत्ताच धरून चालू नका."

मी रक्त काढलं. माझ्या नेहमीच्या तपासणीत सोडियम आणि पोटॅशियम नव्हतंच, म्हणून नमुना घेऊन स्वतः कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये गेले. ती माणसांची लॅब. अर्ध्या तासात तिथल्या तंत्रज्ञाचा घाबरलेला फोन आला. "मॅडम, पोटॅशियम खूप वर आहे, सोडियम खाली. वय सहा लिहिलंय. मूल कुठल्या हॉस्पिटलात आहे?"

"मूल नाही, कुत्री आहे," मी म्हटलं, आणि खुर्चीत बसले.

त्या संकेतस्थळावर केस मांडायची सोय होती. मी कधी वापरली नव्हती. आपलं इंग्रजी आणि आपलं अज्ञान दोन्ही जगापुढे कशाला ठेवा, असं वाटायचं. त्या दिवशी मी सगळं लिहिलं. तीन वेळचे ठोके, आकडे, ढोल, पाव्हणे. शेवटी हेही लिहिलं की उद्या मी हिला मारणार होते. वीसेक मिनिटांत न्यूझीलंडमधल्या एका अनोळखी डॉक्टरबाईचं उत्तर आलं. तिच्याकडे तेव्हा रात्र असणार. तिनं लिहिलं होतं, तुझा अंदाज बरोबर वाटतो. पोटॅशियमवर आत्ताच उपचार सुरू कर, पण स्टिरॉइड, म्हणजे त्या ग्रंथींची उणीव भरणारं औषध, देण्याआधी तपासणीचं रक्त काढून ठेव, नाहीतर आजार कधीच सिद्ध होणार नाही. कसं करायचं ते तिनं पायरी पायरीनं लिहिलं होतं.

तपासणीसाठी त्या ग्रंथींना डिवचणारं इंजेक्शन लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. पोटॅशियम उतरवणारं औषध सुरू केलं आणि माहीमला फोन केला. वर्गमित्र एका शब्दानंही टोचून बोलला नाही. "आहे माझ्याकडे. घेऊन येतो," म्हणाला आणि स्कूटरवर बर्फाच्या डब्यातून घेऊन आला. आम्ही दोघांनी आधीचं रक्त काढलं, इंजेक्शन दिलं, तासभर तिच्याशेजारी स्टुलांवर बसून राहिलो, मग दुसरं रक्त काढलं. त्यानंतर स्टिरॉइड दिलं.

बुधवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा ती उभी होती. पाय थरथरत होते, पण उभी होती. पाण्याचं भांडं रिकामं होतं आणि पुढच्या पायाला लावलेल्या सलाइनच्या नळीचा तिनं चावून चोथा केला होता. आयुष्यात कुठल्या नुकसानीनं मला इतकं बरं वाटलं नसेल.

संध्याकाळी सहाला मावशी आणि त्यांची मुलगी आल्या. मुलीचे डोळे रडून सुजलेले. मी त्यांना आत बसवलं आणि जे होतं ते सांगितलं. हा दुसराच आजार दिसतोय. रिपोर्ट दोन दिवसांत येईल. रोजच्या गोळ्यांवर ती चांगली जगू शकते. "आणि मावशी," मी म्हटलं, "हे मला पहिल्या वेळीच कळायला हवं होतं. चूक माझी. मी तिला..."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो असायलाच हवा होता.

मावशी कुत्रीच्या पिंजऱ्यापाशी खाली बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून न बघता विचारलं, "गोळी भातातून दिली तर चालेल?"

"चालेल."

"मग झालं. तुम्ही सांगितलंत तरी. नसतं सांगितलं तर आम्हाला काय कळणार होतं?"

शुक्रवारी रिपोर्ट आला. त्या ग्रंथींचा हार्मोन तिच्या रक्तात जवळजवळ नव्हताच, इंजेक्शनच्या आधीही आणि नंतरही. गोळ्या सहज मिळत नव्हत्या. परळला हॉस्पिटलांसमोरच्या औषधांच्या दुकानांत फिरून शेवटी एका ठिकाणी सापडल्या. तिथून बाहेर पडताना मी डबा उघडून पुन्हा पाहिलं, खरंच त्याच आहेत ना. फुटपाथवर उभं राहून मला हसू आलं आणि जरा रडूही. महिनाभरानं तपासलं तेव्हा किडनीचे आकडेही जागेवर आले होते. किडन्या मुळात गेल्याच नव्हत्या.

न्यूझीलंडच्या डॉक्टरबाईंना मी आभाराचं लांबलचक पत्र लिहिलं. माझ्या चुकीबद्दलही लिहिलं, जरा जास्तच. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. "या आजाराची माझ्याकडे आलेली पहिली कुत्री मला ओळखता आली नव्हती. तिच्या मालकाचा चेहरा मला अजून दिसतो, म्हणून मी इथे उत्तरं देत बसते."

मी ते दोनदा वाचलं. बाहेर मांजराचं खोकं मांडीवर घेऊन एक आजोबा थांबले होते. मी टॅब बाजूला ठेवला आणि त्यांना आत बोलावलं. स्टेथोस्कोप लावण्याआधी विचारलं, "घरात नवीन काही झालंय का, आजोबा? सावकाश सांगा."