दादांच्या गाडीचा रिमोट

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडी सळया बनवणाऱ्या मिलमध्ये त्यांची सगळी उमेदीची वर्षं गेली. रिटायर झाल्यावर कुणाचं न ऐकता त्यांनी एक जुनी गाडी घेतली. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. गाडीला आधीच्या मालकानं रिमोट बसवून घेतला होता. किल्लीच्या छल्ल्यात अडकवलेला, काळा, एकाच बटणाचा. एकदा दाबलं की गाडी 'टिक' करून बंद व्हायची, परत दाबलं की 'टिक टिक' करून उघडायची. दिवे लुकलुकायचे नाहीत, खूण ती एवढ्या आवाजाचीच. त्याच्याशिवाय इंजिनही चालू होत नसे. म्हणजे हातातली किल्ली नुसती शोभेची.

दिवाळीला मी माहेरी आले, तर भावानं गाडी विकायचं ठरवलेलं. मंठ्याच्या बाजारात दादांनी लावलेली गाडी दोनदा उघडी सापडली होती आणि दुसऱ्या वेळी मागच्या सीटवरची बियाण्याची पिशवी गेली होती.

"दादाला आता ध्यान राहत न्हाई," भाऊ म्हणाला. "लावली म्हणतेत अन् गाडी सताड उघडी. केदारखेड्याचं गिऱ्हाईक येऊन राह्यलंय भाऊबीज झाल्यावर."

"मी बराबर दाबतो," दादा ओरडले. "रिमोटच खराब हाय!"

ओरडले म्हणजे रागावले असं नाही. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. मिलच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाचा आवाज घरी आल्यावर लहान होत नाही, आणि त्याच्याशी बोलता बोलता बायकोपोरांचाही चढतो. सासरी मला पहिली दोन वर्षं सगळे भांडखोर समजत होते.

तर दादा म्हणतात रिमोट खराब, भाऊ म्हणतो दादा विसरभोळे. मला भावाचा भयंकर राग आला. तीस वर्षांपूर्वी कोणत्या पाळीला कोण भट्टीवर होतं हे सांगणारा माणूस विसरभोळा कसा? गाडी गेली की ते ओट्यावर बसून राहणार, शेतावर जायला याच्या त्याच्या मोटारसायकलची वाट बघणार. लहानपणापासून घरातला रेडिओ, मिक्सर मीच उघडत आले होते. म्हटलं, आण तो रिमोट. दुरुस्त करते आणि दाखवून देते याला.

बटणाचं रबर मधोमध झिजून भोक पडलेलं. माणूस एका बटणावर इतका कशाला जोर लावतो? शिलाई मशीनच्या बारीक पेचकसानं स्क्रू काढला तर आतून लाल चिखल निघाला. हळद, कुंकू आणि तूप. खंडेनवमीला आई विळे, कोयते, पक्कड, पाने यांच्या रांगेत गाडीची किल्लीही मांडायची आणि सढळ हातानं पूजा करायची.

"आई, रिमोटला कुणी कुंकू लावतं का? आत सगळा राडा झालाय!"

"देवाच्या कुंकवानं कव्हा काही बिघडत नसतंय," आई स्वयंपाकघरातून गरजली. "बिघडलं आसंल तर तुझ्या पेचकसानं."

मला वाटलं, सापडला चोर. स्पिरिटनं सगळं पुसलं, तांब्याच्या पट्ट्यांवर हलक्या हातानं खोडरबर फिरवलं. तरी बटण दहादा दाबावं तेव्हा एकदा चालायचं. मग दिसलं, रबराच्या खालचा काळा ठिपका, जो पट्टीला टेकतो, तोच घासून गेला होता. तिथं बिस्किटाच्या पुड्याचा चंदेरी कागद चिकटवला, तर बटण कायमचं दाबलेलं राहिलं आणि अंगणातली गाडी पिसाळल्यासारखी उघडझाप करायला लागली. भाऊ ओट्यावर पोट धरून हसत होता. मी कागद उपटला. त्याबरोबर स्क्रू उडाला तो फराळाच्या ताटात. चिवड्यातून स्क्रू शोधताना मी ज्या शिव्या दिल्या त्या सासरी कुणी ऐकल्या नाहीत हे बरं.

शेवटी टीव्हीचा जुना रिमोट फोडला, त्यातला एक काळा ठिपका ब्लेडनं कापला आणि इथं चिकटवला. पहिला वाकडा बसला, दुसऱ्याबरोबर माझं बोटच चिकटलं. तिसरा बसला. वरच्या भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशननं लावला. दादा सगळा वेळ माझ्या उजेडात उभे होते आणि बाजूला व्हा म्हटलं तरी हलत नव्हते. मला इतकी तिडीक आली होती की वाटलं, रिमोट विहिरीत टाकावा.

पण चालला. बोट नुसतं टेकवलं तरी चालला. पुन्हा पुन्हा बघितलं, एकदाही चुकला नाही. मी रिमोट दादांच्या हातात दिला आणि गाडीजवळ गेले.

त्यांनी दाबलं. टिक. गाडी बंद झाली. ते तसेच बघत राहिले आणि अंगठा रोवून पुन्हा दाबलं. टिक टिक. उघडली. पुन्हा. पुन्हा.

"दादा, बस! लागली होती की पहिल्यांदाच!"

"वाजली कुठं?" ते म्हणाले.

मी रिमोट घेतला, त्यांच्या पाठीमागे गेले आणि दाबलं. गाडी त्यांच्यापासून दोन हातांवर होती. स्वच्छ आवाज झाला. कुंपणावरचा कावळा उडाला. दादांनी मानही वळवली नाही.

"दाब की," ते म्हणाले. "कशाची वाट बघून राह्यली?"

मी समोर आले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. नजर चुकवून ते म्हणाले, "मोठ्यानं बोललेलं येतं ऐकू. बारीक न्हाई येत. मिलमधी होतो तव्हापासूनच." मग माझा हात धरून म्हणाले, "त्याला सांगू नको बाई. रिमोट खराबच हाय म्हण. ध्यान राहत न्हाई म्हणतो तर म्हणू दे. बहिऱ्याला कोण गाडी चालवू देतं?"

एवढ्यात भाऊ ओट्यावरून उतरून आमच्याजवळ आला. "झाला का न्हाई तुझा रिमोट?"

माझा सगळा दिवस त्या रिमोटनं खाल्ला होता, आणि तो चालायला लागला तोच दादांच्या मुळावर. त्याचा, भावाचा, दादांचा, सगळ्यांचा मला संताप आला. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण दादांना कुणी विसरभोळे म्हणावं हे काही सोसवेना. त्या घरात मी कधी हळू बोलले नव्हते. तेव्हा बोलले.

"रिमोट चांगला आहे. दादा काही विसरत नाहीत. त्यांना ऐकू येत नाही."

भावाचं तोंड उतरलं. दादा माझ्या शेजारीच उभे होते, माझा हात अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी तो दाबला आणि समाधानानं विचारलं, "सांगितलंस ना, खराब हाय म्हणून?"