झाकणाखालचे बटाटे

"झाकणाला हात लावू नकोस!" असं म्हणत ती माझ्या बोटांवर लाकडी डाव हलकेच मारायची. स्टुटगार्टला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी ही आयरिश म्हातारी. चाळीस वर्षं इथे काढूनही तिचं जर्मन माझ्याइतकंच धेडगुजरी होतं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

ओळख झाली ती जिन्यावरून. आमच्या इमारतीत जिना झाडायचे आठवडे घराघरांत वाटून दिलेले आहेत. त्याला म्हणतात केअरवोख, आणि ती चुकवणं म्हणजे घोर अपराध. माझी चुकली. पुण्यात माझे बाबा वारले होते. मुलगी तीन महिन्यांची, तिचा पासपोर्ट आलेला नव्हता, म्हणून मला जाता आलं नाही. चार दिवस घशाखाली काही उतरत नव्हतं आणि अंगावरचं दूध आटत चाललं होतं. "अगं, दोन घास तरी खा," म्हणून म्हणून नवरा थकला.

दारावर थाप पडली. दारात ही. भांडायलाच आली असणार! पण मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ती "आल्झो", म्हणजे 'बरं तर', एवढंच म्हणाली, आमचा जिना तिनेच झाडून काढला आणि संध्याकाळी बिडाचं भलंमोठं पातेलं घेऊन वर आली. आत कोकराच्या मटणाचा स्ट्यू.

आता आली का पंचाईत! लग्न झालेल्या मुलीला सुतक तीनच दिवसांचं, हे मलाही ठाऊक आहे. पण बाबांसाठी तेरा दिवस मटणाला शिवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. कसंबसं तिला समजावलं.

"किती दिवस राहिले?"

"नऊ."

"गेनाऊ," म्हणजे 'बरोबर', असं म्हणत तिने पातेलं उचललं आणि खाली गेली. मला वाटलं, दुखावली.

दुसऱ्या दिवशी तेच पातेलं आलं, बिनमटणाचं. बटाटे, कांदे, मीठ, मिरी. "हा काही स्ट्यू नव्हे," तिने बजावलं, "पण पोट भरतं." असं नऊ दिवस, रोज. मी जेवू लागले. मुलीला दूध पुरलं. तुम्हीच सांगा, हे कशाने फेडायचं?

चौदाव्या दिवशी तिने मला खरा स्ट्यू शिकवला. तुर्की खाटकाकडचे मानेचे तुकडे आणि दोन जातींचे बटाटे, एक विरघळून रस्सा दाट करणारे, दुसरे अखंड राहणारे. मग दोन तास झाकण बंद. मी घरी केला तेव्हा मात्र राहवेना, हिंग-जिऱ्याची फोडणी दिलीच. तिने दोन वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या आणि म्हणाली, "फारच छान. आता स्ट्यू कर."

गेल्या वर्षी ती कायमची आयर्लंडला बहिणीकडे गेली. जाताना पातेलं माझ्याकडे ठेवून गेली.

परवा सकाळी मी मटण धुऊन ठेवलं होतं, तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. म्हातारी झोपेतच वारली. मटण फ्रीजरमध्ये टाकलं आणि नुसते बटाटे-कांदे शिजत घातले. दोन तास झाकणाला हात लावला नाही.

जेवताना मुलगी वाटीत चमचा फिरवत राहिली. "आई, वो इस्ट दास फ्लाइश?" मटण कुठंय, असं विचारत होती.

हिचं सुतक मला कुठल्या नात्याने लागतं, ते मी कोणालाच विचारलेलं नाही.

"तेरा दिवसांनी," मी म्हणाले.