दळवींच्या राउटरला कोण चिकटलंय

श्यामकांत दळवींना संशय पाचवीला पुजलेला. दुधाची पिशवी आली की हातावर तोलून बघणार, रिक्षात बसले की घर येईपर्यंत मीटरवरून नजर काढणार नाहीत, आणि भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट घातली तर आतल्या टोमॅटोत घोळ असणारच, म्हणून तिथंच फुटपाथवर पिशवी रिकामी करणार. मुलुंडच्या एका कारखान्यात यांची अख्खी नोकरी गेटवर गेली. सुटणाऱ्या कामगारांचे डबे उघडून बघायचे, हेच काम. आता माणूस रिटायर झाला म्हणून नजर थोडीच रिटायर होते? सुलक्षणा, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची की माझ्या माहेरून नारळ आले तरी हे कानाशी धरून हलवून बघतात. खोटं नाही, बघायचेच.

या झडतीतून एकच घर सुटलं होतं. समोरच्या ब्लॉकमधल्या कमल गायकवाडांचं. मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत दोन्ही कुटुंबं एकदमच राहायला आली. कमल महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, नवरा लवकर गेला, प्रितमला एकटीनं वाढवलं, शिकवलं, तो आता कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. चतुर्थीचे मोदक इकडून तिकडं, बुद्धपौर्णिमेची खीर तिकडून इकडं. सुलक्षणाचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा टाकून कमल तिच्या उशाशी बसून होत्या. अख्ख्या मुंबईत पुढं आलेला चहा दळवी निमूट पितात असं घर हे एवढंच. स्वतः बोलून दाखवायचे, वहिनींच्या घरात मला डोळे मिटून बसता येतं. दळवींसारख्या माणसाला अशी जागा एकच मिळते आणि ती गेली की दुसरी मिळत नाही.

आता नेटचं काय झालं ते ऐका. विभागातला नेटवाला चंद्रप्रकाश. त्यानं सांगितलं त्यापेक्षा स्पीड कमी मिळतो, हा आपल्याला लुबाडतोय, असं दळवींच्या डोक्यात बसलं. मोबाईलवर स्पीड तपासायचं ॲप घातलं, सकाळ-संध्याकाळ त्याचा काटा बघायचा आणि फोन करून त्या बिचाऱ्याचं डोकं खायचं. गणपतीच्या आधी एकदा दोघांची जुंपली. चंद्रप्रकाशनं कनेक्शन तोडलं. दळवींनी जाहीर केलं की तो पाया धरत येईल तेव्हाच या घरात नेट परत येईल, नाहीतर नाही.

आणि काय आश्चर्य, चार दिवसांत नेट चालू. सुलक्षणा म्हणाली, आला होता तो तुम्ही बाजारात गेलेले असताना, गयावया करत होता, चालू करून गेला. पैशाचं म्हणाल तर मानसी तिकडून परस्पर भरते. मानसी ही त्यांची मुलगी, लग्न होऊन परदेशात. तिचा आणि सुलक्षणाचा रोजचा व्हिडिओ कॉल, तेवढ्यावर ही बाई दिवस काढते. दळवींनी पुढचे दोन महिने सोसायटीत ज्याला त्याला पकडून ऐकवलं, की बघा, कसा नाक घासत आला. जगावर संशय घेणारा हा माणूस, पण स्वतःच्या विजयावर संशय घ्यायचं त्याला सुचलं नाही.

सगळं झकास चाललं होतं. मग संध्याकाळचं नेट अडखळायला लागलं. मानसीचा चेहरा मध्येच थिजायचा, आवाज तुटायचा. दळवींनी कान टवकारले. कुठंतरी पाणी मुरतंय. आधी त्यांनी राउटरचा डबा फ्रिजवरून उचलून टीव्हीजवळ ठेवला, मग लोखंडी कपाटापासून लांब नेला, त्याच्या दांड्या कधी उभ्या केल्या, कधी आडव्या. कशानं फरक पडेना. व्हिडिओ बघून बघून ते शिकले की डब्याच्या पोटाला चिकटवलेला आकडा ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं पान उघडतं आणि तिथून सगळं बदलता येतं. पासवर्ड होता कुलदेवतेच्या नावाचा. गावचा कुणीही ओळखील असा. तो बदलला. आठवड्यानं पुन्हा बदलला. नेटचं नावच लपवून टाकलं, कुणाला दिसायलाच नको. तरी प्रितम कामावरून आला, समोरचं दार लागलं, की इकडं चाक फिरायला लागायचं.

हे एकदा लक्षात आल्यावर दळवींच्या मनात पाल चुकचुकली. पहिल्यांदा त्यांनीच ती झटकली. कमलवहिनींचं घर? छे. पण सवय वाईट. शनिवारी प्रितम घरीच होता, दिवसभर नेट रखडलं. रविवारी मायलेक नातेवाइकांकडे गेले तर नेट वाऱ्यासारखं पळालं. पासवर्ड बदलूनही शिरतो कसा? शिकलेला पोरगा, कुलूप फोडायला त्याला किती वेळ लागतोय, असं उत्तर त्यांनीच स्वतःला दिलं. सोमवारी राउटरचं पान उघडून सगळे कोपरे उकरले आणि एका जागी चित्र सापडलं. दोन डबे, मध्ये एक रेघ. एकाखाली दळवी, दुसऱ्याखाली प्रितम. शेजारी हिरवा ठिपका, जोडलेलं असल्याचा.

रेघ होती, बाण नव्हता. कोण कुणाकडून घेतंय हे त्या चित्रात कुठंच नव्हतं. पण दळवींना विचार करायची गरजच पडली नाही, चोर सापडला होता. आनंद नाही झाला हो. ज्या घरात डोळे मिटून बसलो तिथंच हे. बायकोला एक अक्षर सांगितलं नाही, सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग होती. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर सेक्रेटरी, टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, नेहमीचंच. शेवटी ऐनवेळचे विषय आले आणि दळवी उभे राहिले. कमल तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या. सुलक्षणा वर स्वयंपाकात. दळवी म्हणाले की आपल्या इमारतीत नेटची चोरी चालते, माझ्याकडे पुरावा आहे, नाव घेत नाही. इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण चार माणसं ऐकतायत म्हटल्यावर जीभ सैल सुटली.

"काही लोकांना फुकटचं घ्यायची सवयच असते. सरकारचं काय नि शेजाऱ्याचं काय."

दोघंतिघं हसले. त्यांना नेटचं काही माहीत नव्हतं, पण बाकीचं बरोबर कळलं होतं. सेक्रेटरीनं चष्मा पुसायला घेतला. कमलनी दळवींकडे पाहिलं. एका वाक्यात त्या माणसाला जमिनीत गाडता आलं असतं त्यांना, सगळ्यांसमोर. त्यांनी तोंड उघडलंही, मग मिटलं. उठल्या, स्वतःची खुर्ची नेऊन भिंतीशी रचून ठेवली आणि जिन्यानं वर गेल्या. पळाली, दळवी मनात म्हणाले. याहून मोठा पुरावा कुठला?

घरी आले ते तरातरा राउटरच्या पानाशी. आत सुलक्षणाचा मानसीशी कॉल चालू होता. दळवींनी ते चित्र काढलं, प्रितमच्या नावावर बोट ठेवलं आणि जोडणी तोडायचं बटण दाबलं. हिरवा ठिपका लाल झाला. अस्सा, म्हणून ते मागं टेकले.

सुलक्षणा फोन हातात घेऊन बाहेर आली. मानसी बोलता बोलता गेली म्हणाली. दळवी छाती फुगवून म्हणाले, थांब जरा, आता बघ कसं पळतं, चोराला हाकलून दिलंय. मग मीटिंगमध्ये काय बोललो तेही सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. सुलक्षणाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आपण चिकटलोय त्यांना, अहो," ती म्हणाली. "गणपतीपासून."

मग सगळं बाहेर आलं. चंद्रप्रकाश कधी आलाच नव्हता. खिडकीतून येणारी त्याची वायर मेलेली होती, प्रितमनं मुद्दामच तशीच राउटरला लावून ठेवली होती, दळवींना संशय येऊ नये म्हणून. मुलीचं तोंड दिसेना म्हणून सुलक्षणा कमलपाशी रडली होती आणि प्रितमनं दहा मिनिटांत यांचा राउटर आपल्या राउटरला जोडून दिला होता. पैशाची गोष्ट काढली तर कमल रागावल्या होत्या. संध्याकाळी कामावरून आल्यावर प्रितम घरूनही काम करायचा तेव्हा त्याच्याच नेटवर ओझं यायचं आणि यांच्या वाट्याला उरलंसुरलं. दळवींना यातलं काही कळू द्यायचं नाही, त्यांना लागेल, अशी शपथ सुलक्षणानंच कमलला घातली होती.

"ती खाली गप्प बसली ती माझ्यामुळे," सुलक्षणा म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून आत निघून गेली.

दळवींनी त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत वाटली. मग उठले, पायात चपलासुद्धा न घालता समोरची बेल दाबली. कमलनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत. दळवींनी घाईघाईनं सांगून टाकलं, की वहिनी, माका काय ठाऊकच नव्हतां, आत्ता समजलं, माझंच चुकलं नेटच्या बाबतीत, मी उलटं समजलो. घाबरले की ते गावच्या बोलीत शिरायचे.

कमलनी मागं वळून प्रितमला हाक मारली आणि काकूंचं नेट जोडून ये म्हणून सांगितलं. तो बाहेर आला, दळवींच्या बाजूनं वाट काढत त्यांच्या घरात गेला. एरवी काका म्हणून थट्टा करणारा पोरगा.

"नेटचं राहू द्या, भाऊजी," कमल म्हणाल्या. "ते उलटं समजलात, ठीक आहे. सरकारचं म्हणालात ते काय समजून म्हणालात?"

दळवींनी हात जोडले. "तोंडातून गेलं, वहिनी."

"गेलं ते दिसलं सगळ्यांना. इतकी वर्षं होतं कुठं ते?"

दळवींनी इतकी वर्षं दुसऱ्यांचे डबे उघडले, आत स्वतःच्या काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. मनात नव्हतंच असं म्हणावं, तर ते वाक्य बनवायला त्यांना जरासुद्धा वेळ लागला नव्हता. कमल थोडा वेळ थांबल्या. खरोखर उत्तरासाठी थांबल्या होत्या त्या. मग त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.

प्रितम काम उरकून बाहेर आला आणि आपल्या घरात गेला. आतून मानसीचा आवाज आला, स्पष्ट, न तुटता. ती विचारत होती, बाबा कुठायत, कमलमावशीकडे जाऊन बसलेत का.

सुलक्षणानं उघड्या दारातून नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही गं," ती म्हणाली. "बाहेर उभे आहेत."